ग्वाल्हेरचे दोन राजीनामे

मंत्र्याचं नाव एखाद्या प्रकरणात आलं की त्यानं खुर्ची सोडायची आणि निवडणूक तोंडावर असली तर पक्षानं त्याचं तिकीट कापायचं, ही रीत आज इतकी रुळली आहे की ती पहिल्यापासूनच होती असं वाटतं. तिचं कूळ शोधणारे बहुतेक जण लालबहादूर शास्त्रींपाशी थांबतात: १९५६, अरियालूरचा रेल्वे अपघात, रेल्वेमंत्र्यांचा राजीनामा. मला ही वंशावळ मान्य नाही. शास्त्रींचं कूळ वेगळं आणि आजच्या रीतीचं वेगळं, आणि हा फरक ग्वाल्हेरच्या एकाच माणसाच्या दोन राजीनाम्यांत स्पष्ट दिसतो.

तो माणूस म्हणजे माधवराव शिंदे. राजघराण्याचा वारस, १९८४ साली ग्वाल्हेरात अटलबिहारी वाजपेयींना हरवणारा, शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली तेव्हाचा रेल्वे राज्यमंत्री, क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष. दिल्लीच्या राजकारणात इतकं वलय फार थोड्यांना होतं. ९ जानेवारी १९९३ रोजी उझबेकिस्तानातून भाड्यानं घेतलेलं टुपोलेव्ह विमान दिल्लीत उतरताना कोसळलं. एकही प्रवासी दगावला नाही, तरी नागरी विमान वाहतूक मंत्री असलेल्या माधवरावांनी पद सोडलं. हा राजीनामा थेट शास्त्रींच्या कुळातला. त्यानं त्यांचं वजन वाढलंच आणि पुढे ते मंत्रिमंडळात परतले. जानेवारी १९९६ मध्ये ते मनुष्यबळ विकास मंत्री होते. नेत्यांना पैसे दिल्याच्या कथित नोंदी असलेल्या, जैन बंधूंच्या हवाला प्रकरणातल्या डायऱ्यांवरून सीबीआयनं त्यांच्यावर खटला भरण्याची परवानगी मागितली, आणि विद्याचरण शुक्ल, बलराम जाखड यांच्याबरोबर माधवरावांनीही राजीनामा दिला. आरोपपत्र अजून यायचं होतं. या वेळी मात्र काँग्रेस पक्षानं त्यांचं तिकीटही कापलं.

यावर कुणी अर्थमंत्री कृष्णम्माचारींचं नाव पुढे करील, कुणी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अंतुले यांचं. पण कृष्णम्माचारी १९५८ साली गेले ते मुंदडा प्रकरणात छागला आयोगाचा अहवाल आल्यावर, आणि अंतुले जानेवारी १९८२ मध्ये गेले ते मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर. दोन्हीकडे आधी निवाडा, मग शिक्षा. १९९६ नं हा क्रम उलटा केला. सर्वांत भक्कम आक्षेप भाजपच्या अडवाणींच्या उदाहरणाचा: त्याच महिन्यात, त्याच प्रकरणात त्यांनी आपणहून लोकसभा सोडली. मग रीत त्यांचीच नाही का? नाही. अडवाणींनी स्वतःला घातलेलं बंधन काँग्रेसनं दुसऱ्यांच्या गळ्यात अडकवलं, आणि आज चालते ती ही दुसरी तऱ्हा. तिचे खरे भाऊबंद हॉलिवूडमध्ये सापडतात. १९२१ साली विनोदी नट रॉस्को आर्बकलवर खटला उभा राहताच युनिव्हर्सल कंपनीनं नटांच्या करारात सदाचाराचं कलम घातलं. एप्रिल १९२२ मध्ये ज्यूरीनं आर्बकलला निर्दोष ठरवून वर त्याची माफीही मागितली, तरी आठवड्याच्या आतच त्याच्या चित्रपटांवर बंदी आली. दिल्लीनं तिथून काही उचललं असं मी म्हणत नाही. पण तिथे प्रेक्षक जाईल ही भीती होती, इथे मतदार जाईल ही. पोटात गोळा मालकाच्याच येतो, हे दोन्हीकडे सारखं.

आता ज्या कागदांवरून एवढं घडलं ते पाहा. डायऱ्यांत होती आद्याक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे. तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं ३४ वं कलम सांगत होतं की धंद्याच्या ओघात नियमित लिहिलेल्या हिशेबवहीतली नोंद पुरावा म्हणून विचारात घेता येते, मात्र केवळ तिच्या बळावर कुणावर दायित्व लादता येत नाही. रोजकीर्द-खतावणी सांभाळणाऱ्या कुठल्याही दिवाणजीला हे पटेल: वहीत कुणाच्याही नावे रक्कम टाकता येते, ती त्यानं घेतली हे वही कशी सांगणार? दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल १९९७ मध्ये अडवाणी आणि शुक्ल यांच्याविरुद्धचे आरोप याच मुद्द्यावर काढून टाकले, आणि मार्च १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. सुटे कागद म्हणजे वही नव्हे, आणि वही मानली तरी दुसऱ्या पुराव्याचा आधार हवाच. तिकिटं कापली गेली तेव्हाही हे कलम सव्वाशे वर्षांचं जुनं होतं.

मालकाला, म्हणजे पक्षाला, यातून काय मिळालं? माधवरावांनी मध्य प्रदेश विकास काँग्रेस काढली आणि १९९६ मध्ये ग्वाल्हेरातून मोठ्या मताधिक्यानं निवडून आले. छिंदवाड्यात कमलनाथ यांचं तिकीट गेलं, तर त्यांच्या पत्नी उभ्या राहून जिंकल्या. काँग्रेस मात्र देशभरात १४० जागांवर आली. या घसरणीला इतर कारणंही होती, पण स्वच्छ दिसण्याची किंमत वसूल झाली नाही एवढं नक्की. कुणी म्हणेल, ग्वाल्हेरचं मत महालाला होतं, आरोपाशी त्याचा काय संबंध? मग १९९८ कसं समजावायचं? महाल तोच, माणूस तोच, पक्षाध्यक्ष नरसिंह राव गेल्यानंतर माधवराव काँग्रेसमध्ये परतलेले, खटल्यातली हवा गेलेली, आणि मताधिक्य उरलं सव्वीस हजारांच्या आसपास. ग्वाल्हेरच्याच वाजपेयींच्या नावाची त्या वर्षीची लाट हे त्याचं एक कारण. पण माझा कयास असा की १९९६ ची मतं महालाइतकीच अन्याय झालेल्या माणसाला पडली होती, आणि अन्याय संपताच ती पांगली. १९९९ मध्ये माधवरावांनी ग्वाल्हेर सोडून गुना मतदारसंघ घेतला.