अनोळखी माणसाची तसबीर

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ज्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही असा रस्त्यावरचा माणूस इतिहासात शिरला तो पुष्कळदा कॅमेऱ्याच्या दाराने. आणि तोही बहुधा त्याला न विचारता. या न विचारण्याचा आज आपण थोडा विचार करू.

१८३८ साली लुई दागेर याने पॅरिसमधील बुलव्हार द्यू तांप्ल या हमरस्त्याचे छायाचित्र उंचावरून घेतले. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटण्यास काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात चालती माणसे आणि धावत्या गाड्या चित्रातून पुसल्या गेल्या. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक गृहस्थ एका जागी उभा होता, तेवढा मात्र उमटला. छायाचित्रात सापडलेला हा बहुधा पहिला मनुष्य होय. आणि तो अनोळखीच राहिला!

पुढे १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. हातात सहज मावणारा हा कॅमेरा सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालत असे. कृष्णधवल फिल्म आता क्षणार्धात चित्र टिपू लागली, आणि चालत्या माणसालाही सुटका उरली नाही. कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली सां-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी घेणारा माणूस टिपला, तो पाय पाण्याला लागण्याच्या आतच.

वॉकर एव्हन्स यांनी याच्याही पुढची मजल गाठली. १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ते कोटाच्या आत कॅमेरा लपवून बसत. कळ दाबण्याची तार बाहीतून हातापर्यंत आणलेली असे. समोरचा थकलेला उतारू आपल्याच विचारात, आणि त्याचा चेहरा फिल्मवर! ही आगळीक होती, हे एव्हन्स जाणून होते. पुस्तक निघाले ते १९६६ साली. मध्ये मुद्दाम काळ जाऊ देऊन या आगळिकीची धार आपण बोथट केली, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे.

काळ लोटला म्हणून परवानगी मिळत नाही, हे खरे. पण ती चित्रे नसती, तर मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या त्या शहराचे साधे, मुखवटा उतरलेले तोंड आपल्याला कोणी दाखविले असते? म्हणून अशा चित्रांचा सरसकट निषेध आम्हांला करवत नाही. मात्र ज्याने न विचारता घेतले, त्याने निदान संकोच तरी बाळगावा. एव्हन्स पंचवीस वर्षे थांबले. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि टिपलेला चेहरा जगापुढे मांडण्यास पंचवीस सेकंदही लागत नाहीत. तेव्हा कळ दाबल्यानंतर थोडे थांबण्याची ती रीत आपण जरूर उचलावी.