दिघीचा ‘नेत्र’ आणि अर्ध्या तासाचं गणित

आजची गोष्ट सुरू होते आपल्या पुण्यातूनच. दिघीला डीआरडीओची आर अँड डीई नावाची संस्था आहे, लष्करासाठी पूल वगैरे बनवणारी. आयआयटी मुंबईच्या पोरांनी २००७ मध्ये काढलेली आयडियाफोर्ज कंपनी आणि ही संस्था यांनी मिळून एक ड्रोन बनवला : ‘नेत्र’. वजन दीड किलो. ‘थ्री इडियट्स’मध्ये खिडकीबाहेर उडणारा ड्रोन आठवतोय? तो याच कंपनीचा.

जून २०१३ मध्ये उत्तराखंडात महापूर आला. माणूस पोचू शकत नव्हता तिथे एनडीआरएफने ‘नेत्र’ पाठवला. पण तो उडायचा साधारण अर्धा तास. दरीपलीकडे कुणी हात हलवत असेल, तरी बॅटरी संपत आली की त्याला परत बोलवावंच लागणार.

मग वर सोलर पॅनल का नाही लावायचं? गणित करून बघा. एवढं वजन पंख्यांवर तोलायला अंदाजे दीडशे-दोनशे वॉट लागतात. भर दुपारी एक चौरस मीटर पॅनल देतं साधारण दोनशे वॉट. आणि अशा ड्रोनच्या पाठीवर जागा किती? फार तर त्याच्या दहावा हिस्सा. म्हणजे वीस वॉट!

उत्तर आहे पंखात. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून उडणारी ग्लायडर्स बघा. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा पकडायची आणि इंजिनाशिवाय तरंगत राहायचं. पंख वजन उचलतो, त्यामुळे वीज कमी लागते. शिवाय पॅनलला जागाही मिळते.

हा मार्ग जुना आहे. ४ नोव्हेंबर १९७४ ला अमेरिकेत ‘सनराइज’ नावाचं मानवरहित विमान फक्त सूर्याच्या विजेवर उडालं. किती वेळ? वीस मिनिटं! ‘नेत्र’पेक्षाही कमी. खरी अडचण होती रात्रीची. २००५ मध्ये ‘सोलाँग’ने दिवसा पॅनल, रात्री बॅटरी आणि जोडीला वर चढणारी हवा अशी सांगड घातली आणि ४८ तास १६ मिनिटं उडून दाखवलं. २०२२ मध्ये ‘झेफिर’ तर तब्बल ६४ दिवस आकाशात होतं.

आपल्याकडेही पावलं पडली. आयडियाफोर्जने ‘स्विच’ बनवला. तो ड्रोनसारखा सरळ वर उठतो आणि मग विमानासारखा पंखांवर उडतो. सौरऊर्जा नाही, तरी अर्ध्या तासाचे दोन तास झाले. जानेवारी २०२१ मध्ये लष्कराने त्याची ऑर्डर दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळुरूच्या एनएएलचं सौर विमान कर्नाटकात चळ्ळकेरेला साडेआठ तास उडालं.

आता एक मेख. पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. ज्या दिवशी ड्रोनची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी सूर्य गायब! म्हणून नुसतं सौर नाही, हायब्रिडच हवं : आधी पंख, मग बॅटरी आणि ऊन असेल तेव्हा पॅनल. कॉलेजच्या प्रोजेक्टला सोलर ड्रोन घेणार असाल, तर पॅनल विकत घेण्याआधी पंखाचं चित्र काढा.

भेटू पुढच्या भागात!