दंतशंकू, मशेरी आणि दातांवरची खडी

लढाया, तह आणि गडकोट यांच्या गर्दीत आजचा विषय किरकोळ वाटेल. आजचा धागा दातदुखीचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, भीमा आणि सीना या नद्यांच्या मधल्या कोरड्या मुलखात कर्जत वसले आहे (रायगडचे कर्जत वेगळे). त्याच्या आसपासच्या भूमीत या विषयाचे धागेदोरे फार मागे जातात.

कर्जत तालुक्यातील सिद्धटेकच्या घाटापासून भीमेच्या काठाने वर गेले की दौंडच्या पुढे तिला घोड नदी मिळते. त्याच घोडेच्या काठी इनामगाव आहे. तेथे इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बरीच लहान मुलांची असून ती मडक्यांत पुरलेली होती. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील मुलांचे दुधाचे दात तपासले. दाताचे कवच तयार होत असताना आई वा बाळ उपाशी अथवा आजारी असेल, तर त्या कवचात खळगा राहतो आणि तो पुढे कधी भरून येत नाही. ज्या समाजाने एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्याची आबाळ अशी दातांवर नोंदली गेली.

लिखित पुराव्याकडे वळले की पहिला थांबा सुश्रुतसंहितेचा. दातवण बारा अंगुळे लांब व करंगळीएवढे जाड असावे, त्याला गाठ नसावी, कीड लागलेली नसावी, इतक्या बारकाईने तेथे सांगितले आहे. कडू झाडांत निंब श्रेष्ठ आणि तुरटांत खैर. दात एकेक करून मऊ कुंचल्याने घासावा आणि हिरडीला इजा होऊ देऊ नये, हेही तेथेच आले आहे. मात्र मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ‘दंतशर्करा’ नावाचा रोग. येथे शर्करा म्हणजे साखर नव्हे. दातांवरचा मळ वाळून वाळूखड्यासारखा कठीण होतो, त्याला हे नाव आहे. तो काढण्यासाठी ‘दंतशंकू’ नावाचे स्वतंत्र शस्त्र सांगितले असून दाताच्या मुळाला धक्का न लावता ही खडी उपटावी आणि नंतर तेथे लाखेचे चूर्ण मधासह लावावे, अशी आज्ञा आहे. आज दंतवैद्य ज्याला ‘स्केलिंग’ म्हणतात, त्याचे सूत्र यात स्पष्ट आहे. दहाव्या शतकात अंदलूसमधील शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी यानेही दात खरवडण्याची निरनिराळी हत्यारे चित्रांसह नोंदवली.

मग हे ज्ञान गावापर्यंत का पोहोचले नाही? माझ्या मते पोहोचले ते अर्धेच. बाभूळ आणि निंबाची काडी, राखुंडी, मीठ हे सारे घरोघर रुळले. खडी काढण्याचे काम मात्र कसबी हातांचे होते आणि तो हात गावात नव्हता. त्यामुळे हिरडीतून रक्त आले तरी कोणी लक्ष देत नसे. ठणका लागला की मगच धावाधाव.

त्या ठणक्याचे कारण म्हणजे दातातला किडा, ही समजूत बाबिलोनपासून भारतापर्यंत सर्वत्र होती. सुश्रुतातही ‘कृमिदंत’ आहेच. महाराष्ट्रात भुईरिंगणीच्या बियांची धुरी दाताला देत आणि ‘किडे पडले’ म्हणत. इंग्लंडात हेच काम खुरासानी ओव्याच्या बियांवर चाले. १५९७ साली जॉन जेरार्ड या वनस्पतिज्ञाने लिहून ठेवले की भोंदू लोक पाण्यात तंतुवाद्याच्या तारेचे तुकडे टाकून ते किडे म्हणून दाखवतात! १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशार याने सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही असा किडा आपल्याला आढळला नाही असे नमूद केले. खरा गुन्हेगार त्याहून फार लहान होता. तोंडातील जंतू साखर-पिठाचे आम्ल करतात व ते आम्ल दात विरघळवते, हे विलोबी मिलर याने १८९० च्या ग्रंथात मांडले.

ठणका एवढा असह्य का असतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. दाताच्या गाभ्यातील रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू कठीण भिंतींच्या कोठडीत बंद असतात. सूज आली की तिला पसरायला जागाच नसते. आडवे झाले की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्र वैऱ्याची. लवंगेच्या तेलातील युजेनॉल तो तंतू काही काळ बधिर करते; आजीबाईचा हा उपाय खोटा नव्हे. परंतु काही दिवसांनी गाभाच मरतो, ठणका आपोआप थांबतो आणि माणूस समजतो की दात बरा झाला. मुळाशी पू मात्र साचतच राहतो.

या गैरसमजाची सर्वांत जबर किंमत मशेरीने वसूल केली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. दात दुखतो म्हणून, दात स्वच्छ होतात म्हणून असंख्य बायकांनी ती हाती घेतली. निकोटिनने ती सुटू दिली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाच्या फली मेहता यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. कर्करोग आणि त्यापूर्वीच्या विकारांवरचा तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. एक लाख तोंडे, गावोगाव फिरून! टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने बंदी केली ती १९९२ मध्ये. घरी भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा अडवणार?

शिकलेला दंतवैद्य फार उशिरा आला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. दंतवैद्य कायदा १९४८ चा. त्यापूर्वी दात उपटणाऱ्याला नोंदणीचे देशव्यापी बंधन नव्हते. आज अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, पण ते उत्तरेकडे. कर्जत दुसऱ्या टोकाला.

आजच्या स्केलरची कथाही गमतीची आहे. १९५० च्या दशकात ध्वनितरंगांनी कंप पावणारे हे टोक प्रथम दात कोरण्यासाठी वापरून पाहिले गेले. वेगवान ड्रिल आल्यावर ते मागे पडले आणि १९५५ च्या सुमारास खडी फोडण्यासाठी पुन्हा हाती धरले गेले. ‘दात साफ केले की हलतात, फटी पडतात’ ही तक्रार तेव्हापासून त्याच्या मागे लागली आहे. वस्तुस्थिती अशी की हिरडी आणि हाड आधीच मागे सरलेले असते व ती जागा खडीने बुजवलेली असते. खडी निघाली की फट दिसू लागते.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे थांबवायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. त्यांच्या दातांवरचा मळ अजून मऊ होता. वर्षानुवर्षे साचून दगड झालेल्या शर्करेला ब्रश दाद देत नाही. तिला दंतशंकूच लागतो.