कावळा, फांदी आणि मोडलेला पाटा

तत्त्वज्ञान शिकवलेला मास्तर ट्रकच्या पाट्यांवर काय बोलणार, असं तुम्हांला वाटत असेल. पण विषय कार्यकारणभावाचाच आहे.

आपल्या ठाकुर्लीवरून जाणारा ठाणे-कल्याण लोहमार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. त्या काळात युरोपातल्या इंजिनिअरांना एक प्रश्न छळत होता : वर्षानुवर्षं नीट चाललेला आख एके दिवशी अचानक का मोडतो? ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आख मोडला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. लोक म्हणत, धक्क्यांनी लोखंडाची जातच बदलते. रँकिन यांनी मोडलेले आख तपासून दाखवलं, की तडा कोपऱ्यातून सुरू होऊन हळूहळू आत सरकतो. पुढे प्रशियाच्या रेल्वेतले व्होलर यांनी आख यंत्रावर फिरवून फिरवून तोडले. फिरणाऱ्या आखाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. एका वेळी सहज पेलणारा भारसुद्धा लाखो वेळा आला, तर तोच आख मोडतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

आता ट्रककडे येऊ. मागच्या एक्सलवर पाट्यांचा थर असतो. सगळे पाटे मिळून वजन घेतात, पण एक्सलला जागेवर धरून ठेवतो तो वरचा मेन पाटा. तो मोडला की एक्सल सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

आमच्या चाळीत एक ड्रायव्हरकाका होते. कसारा घाटात त्यांच्या गाडीचा मेन पाटा मोडला. जीव वाचला, माल सांडला. मालक म्हणाला, "तू खड्ड्यात घातलीस." पगारातून पैसे कापले. गॅरेजमधल्या मिस्त्रीने तुटलेला तुकडा माझ्या हातात दिला. अर्धा भाग गंजून काळपट झालेला, उरलेला खरखरीत आणि लखलखीत. तो म्हणाला, "सर, हा काळा भाग जुना हाय. त्या दिवशी मोडला तो फक्त पांढरा."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय असं नावही दिलं. पण दोष कावळ्याच्याच माथी मारायची आपली सवय काही जात नाही. ड्रायव्हर म्हणजे तो शेवटचा कावळा. फांदी आधीच कुजली होती. गेल्या कित्येक फेऱ्यांत कोणी किती जादा माल भरला, हे कोणी विचारलंच नाही.

हाच हिशेब रस्त्यालाही लागू पडतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून दिसलं, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट! आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ जेमतेम तेरा टक्के. पण या नियमाने पाहिलं, तर पूर्ण भरलेल्या एक्सलमागे नुकसान सुमारे साठ टक्क्यांनी वाढतं. ते त्या दिवशी दिसत नाही, पावसाळ्यात दिसतं. तेव्हाही शिव्या ड्रायव्हरलाच.

व्होलर यांचं नाव मला फार उशिरा कळलं. काकांच्या मालकाला तो तुकडा नेऊन दाखवायला मात्र व्होलर लागत नव्हते. मी तो दाखवला नाही. ते राहून गेलं.