ध्रुवप्रदेशातील शीळ : ऊर्ध्व वातावरणाच्या अभ्यासात श्रवणाचा वाटा

उच्चारलेल्या शब्दातील कंपनसंख्या क्षणोक्षणी कशा बदलतात याचे चित्र कागदावर उमटविणारे स्पेक्ट्रोग्राफ हे यंत्र भाषाशास्त्राच्या अभ्यासकास परिचयाचे आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सिद्ध झाले, आणि राल्फ पॉटर याने दोन सहकाऱ्यांसह १९४७ साली त्याविषयी ग्रंथही प्रसिद्ध केला. याच पॉटरने पुढे मानवी वाणीऐवजी आकाशातून येणारे आवाज या पद्धतीने तपासून १९५१ साली त्यावर निबंध लिहिला, ही गोष्ट मात्र आपल्या क्षेत्रात फारशी कोणास ठाऊक नसते. ध्रुवप्रदेशांवरील ऊर्ध्व वातावरणाचे बरेचसे ज्ञान असे ध्वनिचित्रांतून, आणि त्याही आधी नुसत्या कानाने मिळालेले आहे.

येथे एक खुलासा अवश्य आहे. हे आवाज मुळात आवाज नव्हेतच. त्या रेडिओलहरी होत. परंतु त्यांची कंपनसंख्या दर सेकंदाला काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत, म्हणजे मनुष्याच्या कानास ऐकू येणाऱ्या टप्प्यातच असते. त्यामुळे लांब तार, वर्धक आणि श्रवणयंत्र एवढ्या सामग्रीवर त्या ऐकता येतात. पहिल्या महायुद्धात शत्रूचे दूरध्वनी चोरून ऐकण्यासाठी जर्मनांनी जमिनीत अग्रे पुरून वर्धक जोडले, तेव्हा त्यांत वरून खाली उतरत जाणारी शीळ ऐकू येई. तोफेचे गोळे उडताना ऐकू येतात, असे सैनिक म्हणत. हाइनरिख बार्कहाउझेन याने १९१९ साली या शिळेची शास्त्रीय नोंद केली. पण तिचे मूळ कोठे, हा प्रश्न त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ अनिर्णीतच राहिला.

त्याचा उलगडा केंब्रिज येथील ओवेन स्टोरी या तरुण संशोधकाने १९५३ साली केला. त्याच्या विवेचनाचा पाया श्रवणाचाच होता. काही शिळांच्या आधी खट्‌ असा आवाज येतो, काहींच्या आधी येत नाही. आणि खट्‌ नंतर येणारी शीळ दुसरीच्या दुप्पट लांबट असते. यावरून त्याने अनुमान केले की, विजेच्या लखलखाटातून निघालेली लहर भूचुंबकीय बलरेषेला धरून दुसऱ्या गोलार्धात जाते आणि कधी तेथून परत येते. वीज जवळची असेल तर तिचा खट्‌ आपणांस ऐकू येतो, व शीळ जाऊन-येऊन दुप्पट वाट चालते. वाटेत उच्च कंपनसंख्या पुढे निघतात व नीच मागे रेंगाळतात; म्हणून स्वर उतरतो. किती उतरतो हे मोजले की वाटेतील इलेक्ट्रॉनांची दाटी कळते. ती स्टोरीला हजारो किलोमीटर उंचीवरही दर घनसेंटीमीटरमागे काही शेकडे इतकी आढळली. आयनांबर काही शेकडा किलोमीटरांवर विरळ होऊन संपते, या तेव्हाच्या समजुतीला हा मोठाच धक्का होता. मॉर्गन आणि ऑलकॉक यांनी अलास्कातील उनालास्का बेट व न्यूझीलंड या बलरेषेच्या दोन टोकांजवळच्या ठिकाणी एकाच वेळी श्रवण केले आणि १९५६ साली स्टोरीच्या मतास पुष्टी दिली.

आता ध्रुवप्रदेशच का, हे सांगावयास हवे. मुंबईजवळून निघालेली बलरेषा फार उंच न जाताच पलीकडे उतरते. चुंबकीय अक्षांश जसा वाढेल तशी तिची कमान विस्तारत जाते. उंच आकाश ऐकावयाचे तर उंच अक्षांशावर बसणे भाग आहे. शिवाय शहराजवळ विद्युत्‌वाहिन्यांची घरघर सगळे बुडवून टाकते. अंटार्क्टिकाच्या निर्जन बर्फावर तो उपसर्ग नाही. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात अनेक दूरस्थ स्थानकांवर ठरलेल्या वेळी दर तासाला काही मिनिटांचे ध्वनिमुद्रण होऊ लागले, व फिती विश्लेषणासाठी विद्यापीठांकडे जाऊ लागल्या.

परिभाषेचा अभ्यासक म्हणून मला या विषयातील नावांचे कुतूहल वाटते. शीळ, फुत्कार, पहाटेची किलबिल ही पहिली नावे कानाने दिलेली आहेत. (फुत्काराचे चित्र आपल्या ‘स्‌’, ‘श्‌’ या ऊष्मांच्या चित्राची आठवण करून देते.) पुढची नावे डोळ्याने दिली. स्टॅनफर्डच्या रॉबर्ट हेलिवेल व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली उच्च अक्षांशांवरील एक नवी शीळ वर्णिली. तिच्यात मधलीच एक कंपनसंख्या सर्वांत आधी पोचते, तिच्या वरच्या व खालच्या दोन्ही मागून येतात. कागदावर याची आकृती नाकासारखी दिसते, म्हणून ती ‘नाकाची शीळ’ झाली. कानाला हे नाक कधीच उमगले नसते. पण त्याचे मोल मोठे. कारण नाक कोणत्या कंपनसंख्येवर आहे यावरून लहर कोणत्या बलरेषेने आली हे ठरविता येते.

त्याच साधनाने डॉनल्ड कार्पेंटर याने १९६३ साली दाखविले की, पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे चार पृथ्वीत्रिज्यांवर इलेक्ट्रॉनांची दाटी एकाएकी ढासळते, आणि चुंबकीय वादळात ही सीमा आत सरकते. आलेखातील या वाकणास प्रथम ‘गुडघा’ म्हणत. १९६६ साली ‘प्लाझ्मापॉज’ हे भारदस्त ग्रीक नाव आले. मला जुने नाव अधिक बोलके वाटते. सोव्हिएत संशोधक ग्रिंगाउझ यास चंद्राकडे पाठविलेल्या यानांच्या मापनांतून अशीच घट आढळली होती, हेही नमूद केले पाहिजे. मात्र ती सीमा दिवसेंदिवस कशी हलते हे पाहण्यास जमिनीवरील फितीच उपयोगी पडल्या.

अंटार्क्टिकातील आईट्स स्थानकावर १९६३ साली मायकेल ट्रिम्पी याच्या ध्यानात आले की, शीळ येताच दूरच्या प्रेषकाचा संदेश एकाएकी कमीजास्त होतो. शिळेने हुसकलेले इलेक्ट्रॉन खालच्या आयनांबरात कोसळतात, असे त्याचे स्पष्टीकरण १९७३ साली प्रसिद्ध झाले. या परिणामास आज ट्रिम्पीचेच नाव आहे.

१९७३ सालीच सायपल स्थानकावरून ऐकण्याबरोबर बोलण्यासही आरंभ झाला. जाड बर्फ विजेचा सुवाहक नसल्याने २१.२ किलोमीटर लांबीचे एरियल तेथे बर्फावर पसरले होते. तेथून सोडलेले स्वर बलरेषेच्या दुसऱ्या टोकाशी, कॅनडातील क्वेबेक प्रांतातील रोबेर्व्हाल येथे ऐकले जात. ते कधी वाटेत सुमारे ३० डेसिबेलने, म्हणजे शक्तीने हजारपट बळावून येत, आणि त्यांच्या मागून कोणी न पाठविलेले चढते-उतरते नवेच स्वर निघत. १९८८ साली हे स्थानक बंद झाले. हे अनाहूत स्वर नेमके कसे उपजतात यावर अद्याप संशोधन चालू आहे.