एका पेशीतील दोन दप्तरे: हरितलवकाची वाटणी कोण करते?

लोणावळ्याजवळ, नागफणीच्या कड्यालगत, कुरवंडे हे गाव वसले आहे. इतिहासप्रेमींना ते ठाऊक असते ते घाटामुळे. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची मोगली फौज या वाटेने कोकणात उतरू लागली आणि उंबरखिंडीच्या गर्द रानात शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला कोंडीत धरले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त त्या अरण्याचे वर्णन आहे. ती लढाई अनेकांनी सांगितली आहे. येथे सांगायचा आहे तो त्या रानाच्या हिरवेपणाचा इतिहास. तो शिवकाळाहून अब्जावधी वर्षांनी जुना आहे, आणि तो वाचता येऊ लागला तो मात्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पहिल्या पावसानंतर ओल्या दरडींवर अँथोसेरॉस कुळातील चिमुकल्या वनस्पती उगवतात. जमिनीला चिकटलेला हिरवा पापुद्रा आणि त्यातून वर आलेली बारीक शिंगे, एवढेच त्यांचे रूप. वाटसरू त्यांना शेवाळ समजून ओलांडून जातो. सूक्ष्मदर्शकाखाली यांतील अनेक जातींच्या पेशीत एकच मोठे हरितलवक दिसते. त्याच दरडीवर उभ्या असलेल्या जांभळाच्या पानाची पेशी पाहिली, तर तिच्यात लहान, भिंगाच्या आकाराची हरितलवके दाटीने बसलेली आढळतात. मातीही एकच, पाऊसही एकच. मग एकीत एक आणि दुसरीत अनेक, हे ठरवते कोण?

हरितलवक म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न शिजवणारा पेशीतील हिरवा कण. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्यूगो फॉन मोल या जर्मन शास्त्रज्ञाने या कणांचे बारकाईने वर्णन केले. पण हे कण येतात कोठून, हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. पेशी त्यांना आपल्या द्रव्यातून नव्याने घडवते, असे मानणे सोपे होते. १८८३ मध्ये आंद्रेआस शिंपर याने निराळे मत मांडले: हरितलवक हे आधीच्या लवकातूनच, त्याचे दोन भाग होऊन निर्माण होते. त्याच लेखाच्या एका तळटीपेत त्याने सुचवले की हे खरे असेल, तर हिरवी वनस्पती म्हणजे दोन जीवांच्या सहवासातून उभे राहिलेले एकत्र कुटुंब असू शकेल. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या दूरगामी तळटीपा थोड्याच असतील.

१९०५ मध्ये रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टान्टिन मेरेझ्कोव्हस्की याने तळटीपेतील या सूचनेचा उघड सिद्धान्त केला. हरितलवके हे मूळचे स्वतंत्र नीलहरित जीव, ते पेशीत शिरले आणि तेथेच राहिले, असे त्याचे म्हणणे. सिद्धान्त आकर्षक होता, पुरावा मात्र बाह्य साम्याचा. पुढे साठेक वर्षे बहुतेक विद्वानांनी त्याकडे पाठ फिरवली. १९६२ मध्ये एका हिरव्या शैवालाच्या हरितलवकात स्वतंत्र डीएनए असल्याचे रिस आणि प्लाउट यांनी दाखवले. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी तोच विचार नव्या पुराव्यांनिशी मांडला. सुमारे पंधरा नियतकालिकांनी तो लेख नाकारला होता, असे त्या सांगत.

हरितलवकाला स्वतःचे दप्तर आहे, हे कळल्यावर ते उघडून वाचणे ओघानेच आले. १९८६ मध्ये जपानमधील दोन गटांनी ते पूर्ण वाचले: एकाने तंबाखूचे, दुसऱ्याने मार्कँशिया या ओल्या जागी वाढणाऱ्या वनस्पतीचे. दप्तर निघाले अगदी लहान. मुक्त जगणाऱ्या नीलहरित जीवाणूत तीन हजारांहून अधिक जनुके असतात, हरितलवकात शंभर-सव्वाशे. विशेष म्हणजे, स्वतःची विभागणी कशी करावी याचा कागद त्यात नव्हता.

दप्तरात कागद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असा निष्कर्ष इतिहासाचा अभ्यासक काढत नाही. तो कागद दुसऱ्या दप्तरात गेला असेल का, हे तो पाहतो. येथेही तसेच झाले, आणि शोध लागला तो मोजदादीच्या कंटाळवाण्या कामातून.

इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात केव्हिन पाइक आणि रेचल लीच यांनी अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या नात्यातील लहानशा रोपाची पाने तपासायला घेतली. जनुकांत बदल झालेली रोपे एकेक करून घ्यायची, पानाच्या पेशी सुट्या करायच्या आणि प्रत्येक पेशीतील हरितलवके मोजायची. निरोगी रोपाच्या पूर्ण वाढलेल्या पर्णपेशीत ही संख्या शंभराच्या आसपास असते. १९९१ पासून पुढील काही वर्षांत त्यांना अशी रोपे सापडली की ज्यांत हा हिशेब साफ बिघडला होता. या उत्परिवर्तित रोपांना ‘आर्क’ हे नाव आणि क्रमांक मिळाले. ‘आर्क-५’मध्ये तेरा-चौदा मोठी हरितलवके होती, त्यांतली कित्येक कमरेत आवळलेल्या डमरूसारखी: विभाजन सुरू झालेले, पण तुटता न आलेले. ‘आर्क-६’मध्ये अवघी दोन, अवाढव्य. ‘आर्क-१’मध्ये उलटा प्रकार, लवके लहान आणि संख्येने अधिक.

यात दोन गोष्टी थक्क करणाऱ्या होत्या. पहिली, संख्या घटली की आकार वाढे, आणि पेशीतील हिरव्या द्रव्याचा एकूण विस्तार जवळपास तेवढाच राही. म्हणजे पेशी जणू एकूण शेताचा हिशेब ठेवते, बांध किती घालायचे ही वेगळी बाब. दुसरी, हे सारे दोष केंद्रकातील जनुकांत होते. हरितलवकाच्या वाटणीचा कागद हरितलवकाकडे नव्हता. तो पेशीच्या मुख्य दप्तरात जमा झालेला होता.

तो कागद मूळचा कोणाचा, हे जीवाणूंच्या अभ्यासातून उलगडले. आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू दुभंगताना एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कडे पेशीच्या मध्यभागी तयार करतो, हे १९९१ मध्ये लुटकेनहाउस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. १९९५ मध्ये कॅथरिन ऑस्टरयंग आणि एलिझाबेथ व्हिअरलिंग यांनी त्याच प्रथिनाचे जनुक अरॅबिडोप्सिसच्या केंद्रकात शोधून काढले. प्रथिन पेशीद्रव्यात बनते आणि मग हरितलवकाच्या आत पाठवले जाते. १९९८ मध्ये जर्मनीत राल्फ रेस्की यांच्या गटाने फिस्कोमिट्रेला या मॉसमधील असे एक जनुक काढून टाकले. ज्या पेशीत डझनावारी हरितलवके असायची, तेथे एकच प्रचंड हरितलवक उरले. शिंपरच्या तळटीपेला ११५ वर्षांनी साक्षीदार मिळाला: जीवाणूला दुभंगणारे हत्यारच पानातही चालत होते.

पण गोष्ट इथे संपली असती, तर ती अर्धवट राहिली असती. २००३ मध्ये ‘आर्क-६’ आणि ‘आर्क-५’ ही दोन्ही जनुके ओळखली गेली आणि त्यांची घराणी वेगवेगळी निघाली. ‘आर्क-६’चे भाऊबंद नीलहरित जीवाणूंत आहेत. त्याचे प्रथिन आतल्या आवरणात बसून एफटीएसझेडच्या कड्याला धरून ठेवते. ‘आर्क-५’ मात्र डायनामिन कुळातील, म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींचे जुने वतनदार. ते हरितलवकाच्या बाहेरच्या अंगाने कडे आवळते. २००६ मध्ये मियागिशिमा, ऑस्टरयंग आणि सहकाऱ्यांनी बाहेरच्या आवरणातील पीडीव्ही ही प्रथिने शोधली. पीडीव्ही बाहेरच्या कड्याला बोलावून आणते, आणि दोन आवरणांमधल्या फटीत पीडीव्ही-२ व आर्क-६ एकमेकांना भिडतात. आतून पाहुण्याचे कडे, बाहेरून यजमानाचे, आणि मध्ये हा सांधा. ‘आर्क-५’ बिघडले की डमरू का तयार होतो, हेही यातून कळते: आतल्या कड्याने आवळले, बाहेरच्या कड्याने शेवटचा तोड दिला नाही.

बाहेरचे हे आवळण डोळ्यांना त्याआधीच दिसले होते. गरम, आम्लयुक्त झऱ्यांत राहणाऱ्या सायनिडियम या शैवालात जपानच्या कुरोइवा यांच्या गटाने १९८६ मध्येच हरितलवकाभोवतीचे कडे टिपले होते.

कड्याची जागा ठरवणारीही प्रथिने आहेत. जीवाणूंत मिनडी आणि मिनई कडे मध्यभागीच बसेल याची काळजी घेतात. रोपात मिनडी कमी पडले, तर हरितलवक मध्यावर न तुटता कोठेतरी कडेला तुटते आणि एक भाऊ मोठा, दुसरा चिमुकला होतो. क्लोरेला या हिरव्या शैवालात ही दोन जनुके अजूनही हरितलवकाच्याच दप्तरात आहेत. १९९७ मध्ये ते दप्तर वाचले गेले, तेव्हा हे लक्षात आले. मुख्य दप्तरात जाणारे कागद सगळीकडे एकाच वेळी हललेले नाहीत, याचा हा सुरेख दाखला. ‘पाहुणा’ आणि ‘यजमान’ ही रूपके मात्र जपून वापरावीत. येथे कोणी कोणाला जिंकले नाही, कोणी करारावर सही केली नाही. पिढ्यानुपिढ्या जनुके हलली आणि जी मांडणी चालली ती टिकली.

एवढी यंत्रणा कशासाठी? दोन मोठ्या लवकांवर जगणारे ‘आर्क-६’ रोप फुलते, त्याला बीही धरते. प्रयोगशाळेच्या बेताच्या प्रकाशात त्याचे फारसे अडत नाही. अडते ते प्रकाश बदलल्यावर. अंधूक उजेडात हरितलवके पेशीच्या दर्शनी भिंतीशी पसरतात, प्रखर उन्हात बाजूच्या भिंतींशी जाऊन एकमेकांच्या आड उभी राहतात. लहान लवकांना हे सहज जमते, अवाढव्य लवक जागचे फारसे हलत नाही. मोठी हरितलवके असलेल्या तंबाखूची वाढ मंद आणि तीव्र अशा दोन्ही प्रकाशात खुंटते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. कुरवंड्याच्या रानातील झाडाला जुलैत दिवसचे दिवस धुक्यात काढावे लागतात आणि ऑक्टोबरात तेच पान कोरड्या उन्हात उभे असते. अशा पानाला अनेक, लहान, चपळ हरितलवके उपयोगाची पडत असणार, हे समजण्यासारखे आहे.

दरडीवरच्या अँथोसेरॉसचे गणित मात्र वेगळे. त्याच्याकडे लवक एकच, त्यामुळे पेशी दुभंगताना चुकीला वाव नाही. शंभर लवके असलेल्या पेशीत वाटणी थोडी उणीअधिक झाली तरी चालते. येथे लवक वेळेवर दुभंगले नाही, तर दोन कन्यापेशींपैकी एक हिरवेपणाविना राहील. म्हणून या वनस्पतींत हरितलवक आधी दुभंगते, त्याचे दोन भाग पेशीच्या दोन टोकांना जाऊन बसतात आणि केंद्रकाची वाटणी करणारे तंतू त्या लवकांच्या पृष्ठभागापासूनच निघतात.