नाव, कबर आणि एक टिंब

भोपाळच्या हबीबगंज स्टेशनाचे नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलले. ते राणी कमलापती स्टेशन झाले. आम्ही जुनी माणसे रिक्षावाल्याला अजून ‘हबीबगंज’ असेच सांगतो आणि तोही न चुकता तिथेच आणून सोडतो. त्याच स्टेशनाच्या बाकावर एका संध्याकाळी शेजारच्या मास्तरांनी मला एक प्रश्न विचारला. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

मास्तर मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. त्यांच्या हातात पुस्तक होते, ‘ख्रिस्तपरिचय अर्थात ख्रिस्ताचे हिंदुत्व’. लेखक गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर. अंदमान भोगलेल्या बाबारावांनी १९४५ साली सांगलीत देह ठेवला आणि पुस्तक १९४६ मध्ये निघाले. २०१६ मध्ये मुंबईच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने ते पुन्हा छापले. ख्रिस्त जन्माने तमिळ हिंदू होता, त्याचे मूळ नाव केशव कृष्ण, क्रुसावरून तो वाचला आणि त्याची अखेर काश्मीरात झाली, असा त्याचा आशय.

मास्तर म्हणाले, “अहो, ख्रिस्त हिंदू होता असे ठरले, तर मग इतकी वर्षे मी तुमचा कोण होतो? वाट चुकलेला भाऊ?”

मला चटकन उत्तर सुचले नाही.

दावा लहान नाही. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, यावर ख्रिस्ती धर्म उभा आहे. तो उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असे संत पौलानेच करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात मान्य केले आहे. तेव्हा कुठेही त्याची कबर दाखवणे म्हणजे थेट पायालाच हात घालणे होय. म्हणूनच पुरावा तितकाच भक्कम हवा.

काश्मीरची कल्पना बाबारावांच्याही आधीची. १८९४ साली निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने पॅरिसमध्ये पुस्तक काढले. लडाखच्या हेमिस मठात ‘ईसा’चे चरित्र सांगणारी पोथी आपल्याला वाचून दाखवली, असे त्याचे म्हणणे. मॅक्सम्युल्लरने त्याच वर्षी शंका घेतली. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले. मठाच्या प्रमुख लामांनी अशी पोथी नाही आणि असे काही घडलेच नाही, असे स्पष्ट सांगितले. पुढे १८९९ मध्ये कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी ग्रंथ लिहून श्रीनगरच्या खानयार भागातील रोझाबल ही ख्रिस्ताची कबर ठरवली. तिथे शास्त्रीय उत्खनन कधी झालेले नाही. स्थानिक परंपरा एवढेच सांगते की तिथे ‘यूझ आसफ’ नावाचा एक पुरुष पुरला आहे.

खरी गंमत या नावात आहे. बुद्धाची कथा पश्चिमेकडे गेली तेव्हा ‘बोधिसत्त्व’चे अरबीत ‘बूदासफ’ झाले. अरबी लिपीत शब्दारंभी ‘बे’खाली एक टिंब आणि ‘ये’खाली दोन. भोपाळात उर्दू वाचणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते. नकलनवीसाच्या हातून एक टिंब वाढले आणि ‘बूदासफ’चा ‘यूदासफ’, पुढे ‘यूझासफ’ झाला. तीच कथा युरोपात पोचली आणि बुद्ध ‘संत जोसाफात’ म्हणून चर्चच्या संतांच्या यादीत जाऊन बसला! म्हणजे ज्या नावाच्या आधारे ख्रिस्ताला श्रीनगरात पुरले, ते नाव बहुधा भोपाळपासून ४६ किलोमीटरवरच्या सांचीत ज्याचे स्तूप आहेत, त्या बुद्धाचे.

हा दोष आपल्याकडेच आहे असे नाही. जेरुसलेमच्या तालपियोत भागात १९८० साली इमारतीचा पाया खणताना एक कबर लागली. अस्थी ठेवण्याच्या दहा दगडी पेट्या निघाल्या, सहांवर नावे. त्यांत ‘योसेफाचा मुलगा येशू’ आणि मरिया. २००७ मध्ये माहितीपट निघाला की हेच ते पवित्र कुटुंब. त्या कबरीचा अहवाल लिहिणारे पुरातत्त्वज्ञ आमोस क्लोनर यांनी ते मानले नाही. ही नावे त्या काळी तिथे घरोघर होती. आपल्याकडे एखाद्या जुन्या वंशावळीत विठ्ठल, रुक्मिणी, ज्ञानेश्वर, मुक्ता ही नावे एकत्र सापडली, म्हणून ते घर आळंदीचेच, असे आपण म्हणू का?

हबीबगंजवरून इटारसीकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावर १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांना गाडीच्या खिडकीतून काही खडक दिसले. मनात तर्क आला. पण ते तिथे थांबले नाहीत. पायी डोंगर चढले, चित्रे नोंदवली, पुढे उत्खनने झाली. तेव्हा भीमबेटका जगापुढे आली. खिडकीतून दिसते तो तर्क. त्याचा इतिहास व्हायला गाडीतून उतरावे लागते.

आणि ख्रिस्त ‘आपला’ करायला कबर लागतेच असे कुठे आहे? १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ छापून त्याला मराठी ओवीत आणले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्याला अभंगात आणले. त्यासाठी त्यांना ख्रिस्ताचे कुळ बदलावे लागले नाही. दुसऱ्याचा देव आपल्या भाषेत घेणे हा पाहुणचार. ‘तो मुळात आमचाच’ म्हणणे ही वहिवाट सांगणे झाले.

बाबारावांच्या त्यागापुढे मान लवते, पण त्यागाने पुरावा सिद्ध होत नाही. आपल्या श्रद्धास्थानाबद्दल कोणी केवळ नामसाधर्म्यावरून असे लिहिले, तर आपण कोणता पुरावा मागू? तोच इथे मागावा. पुस्तकावर बंदी नको आणि टाळ्याही नकोत.

हे सारे मी मास्तरांना पुढे एकदा सांगितले. ते हसले. म्हणाले, “म्हणजे मी शेजारीच?”

“शेजारीच,” मी म्हटले, “आणि ते पुरेसे आहे.”

परतताना रिक्षावाल्याने विचारले, “हबीबगंजसे आ रहे हो?” आम्ही दोघांनीही हो म्हटले.